नव्या रेकॉर्डरची वाट पाहताना

उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या दूरचित्रवाणीचे कनेक्शन ज्यांच्याकडे आहे, अशा वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न असा, की कार्यक्रम साठवून ठेवणारा नवा रेकॉर्डर कंपनी लवकरच आणणार आहे असे विक्रेता सांगतो, तेव्हा जुना बॉक्स आजच बदलावा की नव्याची वाट पाहावी. आणि वाट पाहिलीच, तर जुन्यात साठविलेले कार्यक्रम नव्यात नेता येतील काय? प्रश्न वरकरणी यंत्राचा दिसतो. परंतु पत्र थोडे पुढे वाचले, की लिहिणाऱ्याचा जीव कशात गुंतला आहे ते उमगते: आईने वर्षभर जपून ठेवलेली कीर्तने, सह्याद्री वाहिनीवर एकदाच दाखविला गेलेला मुलीचा नृत्याचा कार्यक्रम, रात्रपाळीमुळे पाहावयाचा राहून गेलेला सामना. नवा बॉक्स घेण्याचा निर्णय करताना किंमत आणि सवलत यांच्याआधी या संग्रहाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सारे विवेचन त्याच मताला धरून केले आहे.

रेकॉर्डर या नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू

सेट-टॉप बॉक्समध्येच हार्ड डिस्क बसवून चालू प्रक्षेपण साठविण्याची सोय अमेरिकेत 1999 साली टिव्होसारख्या यंत्रांनी लोकप्रिय करावयास आरंभ केला, ब्रिटनमध्ये 2001 साली स्काय प्लस आला, आणि आपल्याकडे 2008 साली त्या वेळच्या टाटा स्काय कंपनीने टाटा स्काय प्लस या नावाने तशीच वस्तू बाजारात आणली. त्या काळी रेकॉर्डर म्हटले की अर्थ एकच होता. आता तसे राहिलेले नाही. विक्रेता ‘रेकॉर्डिंगवाला बॉक्स’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पुढीलपैकी कोणतीही वस्तू असू शकते, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते.

- आत हार्ड डिस्क असलेला बॉक्स. चालू कार्यक्रम थांबविणे, मागे नेणे, मालिकेचे सगळे भाग आपोआप साठविण्याचा हुकूम एकदाच देऊन ठेवणे, ही कामे हा बॉक्स सर्वांत चांगली करतो. किंमत मात्र अधिक असते.
- बाहेरून डिस्क जोडण्याची सोय असलेला बॉक्स. आत साठवण नसते. आपला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क यूएसबीच्या खाचेत लावावी लागते. ही सोय चालू करण्याचे निराळे शुल्क आहे काय, हे येथे आवर्जून विचारावे.
- इंटरनेटला जोडणारा बॉक्स. यात बहुधा आपण काहीच साठवीत नाही. उलटून गेलेला कार्यक्रम कंपनीच्या अथवा वाहिनीच्या साठ्यातून इंटरनेटवरून पुन्हा दाखविला जातो. एअरटेलचा एक्स्ट्रीम बॉक्स आणि डिश टीव्हीचा स्मार्ट हब 2019 मध्ये, तर आज टाटा प्ले म्हणविणाऱ्या कंपनीचा बिंज प्लस 2020 च्या आरंभी आला, आणि तेव्हापासून कंपन्यांचा ओढा याच प्रकाराकडे अधिक दिसतो.

तिसऱ्या प्रकाराविषयी चार शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. राहून गेलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहावयाचा, एवढीच आपली गरज असेल तर हा बॉक्स सोयीचा आहे, आणि डिस्क बिघडण्याची चिंताही त्यात नाही. परंतु कोणता कार्यक्रम किती दिवस उपलब्ध ठेवावयाचा, हे तेथे आपण ठरवीत नाही. ते वाहिनी ठरविते. क्रीडासामने, चित्रपट आणि परदेशी कार्यक्रम यांचे इंटरनेटवर दाखविण्याचे हक्क पुष्कळदा वेगळ्या संस्थेकडे असतात, त्यामुळे वाहिनीवर दिसलेली प्रत्येक गोष्ट साठ्यात मिळेलच असे नाही. त्यातच उच्च दर्जाचे चित्र पाहावयाचे म्हटले तर तासाला दोन-तीन जीबी डेटा सहज खर्च होतो. ज्या गावात इंटरनेटची तार अद्याप पोहोचलेली नाही आणि सारे घर मोबाइलच्या रिचार्जवर चालते, तेथे हा बॉक्स रेकॉर्डर म्हणून घेणे म्हणजे नुसता नावापुरता रेकॉर्डर घेणे होय.

थांबावे की आज घ्यावे

येऊ घातलेल्या वस्तूविषयी विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. तारीख, किंमत आणि जुन्या ग्राहकांसाठी सवलत या तिन्ही गोष्टी कंपनीने स्वतः जाहीर केल्या असतील तरच वस्तू ‘येणार’ आहे असे समजावे. एरवी ती अजून कल्पनेतच आहे असे धरून चालावे. तसे धरल्यावर निर्णय पुष्कळ सोपा होतो.

आपला आजचा रेकॉर्डर नीट चालत असेल, त्यात जपून ठेवावे असे काही असेल आणि घरात दूरचित्रवाणी संच एकच असेल, तर थांबावे. थांबण्यात आपले काहीही जात नाही. उलट पहिल्या काही महिन्यांत नव्या बॉक्सच्या आज्ञावलीत जे दोष निघतात, ते उपग्रहावरूनच येणाऱ्या सुधारणांनी दूर होईपर्यंत दुसऱ्यांना त्रास होऊ देऊन आपण पुढे निर्दोष वस्तू घेऊ शकतो.

आजचा बॉक्स मध्येच बंद पडत असेल, त्याच्यातून करकर असा आवाज येत असेल, साठविलेले कार्यक्रम अडखळत असतील किंवा यादीतून नाहीसे होत असतील, तर मात्र थांबू नये. ही डिस्क निकामी होत चालल्याची लक्षणे आहेत. रेकॉर्डर चालू असतो तोवर तो चालू वाहिनी सतत साठवीत आणि पुसत असतो, म्हणूनच चालू कार्यक्रम मागे नेता येतो. आणि या अखंड कामामुळे त्याची डिस्क साध्या संगणकातील डिस्कपेक्षा लवकर झिजते. चार-पाच वर्षे झाली असतील तर तिने आपले आयुष्य भोगले असे समजावे.

तिसरी स्थिती अशी, की आपल्याकडे आज साधा बॉक्स आहे आणि रेकॉर्डिंगची इच्छा नव्याने झाली आहे. अशांनी प्रथम महिनाभर एक वहीच ठेवावी. कोणते कार्यक्रम चुकले, त्यांतील किती वाहिनीच्या ॲपवर किंवा यूट्यूबवर मिळाले आणि किती खरोखर मिळालेच नाहीत, हे तीत टिपावे. महिन्याअखेरीस न मिळालेल्यांची संख्या दोन-तीनच असेल, तर रेकॉर्डरसाठी हजारो रुपये घालविण्याचे कारण नाही. सामने आणि बातम्या यांनीच पाने भरली असतील, तर पहिल्या प्रकारच्या बॉक्सखेरीज आपले समाधान होणार नाही.

कंपनी बदलण्याचा विचार करीत असाल, तर आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. टाटा प्ले, एअरटेल, सन डायरेक्ट आणि डी-टू-एचसह डिश टीव्ही, या चार खासगी कंपन्यांपैकी एकीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. मोबाइलचे सिम बदलावे तसे कार्ड बदलून बॉक्स कायम ठेवता यावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल 2020 मध्ये सरकारला केली होती; परंतु घरोघरी तशी स्थिती आलेली नाही. म्हणून रेकॉर्डरसाठी भरलेली रक्कम ही त्या कंपनीशी काही वर्षे राहण्याची कबुलायतच होय. वाहिन्यांचे दर, पावसाळ्यातला अनुभव आणि गावात दुरुस्तीला येणारा माणूस, यांविषयी समाधान असेल तरच ती द्यावी.

साठविलेले कार्यक्रम: ताबा आपला, किल्ली कंपनीची

या लेखातील हा भाग आपण सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

सशुल्क वाहिन्यांचे प्रक्षेपण सांकेतिक रूपात येते आणि रेकॉर्डर ते साठवितोही सांकेतिक रूपातच. ते उलगडण्याची किल्ली त्या विशिष्ट बॉक्समध्ये आणि त्याच्या कार्डात असते. त्यामुळे आतली डिस्क काढून संगणकाला जोडली तरी काहीही दिसत नाही. आपण स्वतः विकत घेतलेला पेन ड्राइव्ह शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या बॉक्सला लावला तरी बहुधा काहीही दिसत नाही. आणि आपलाच बॉक्स बिघडून कंपनीने त्याच जातीचा दुसरा दिला, तरी जुने रेकॉर्डिंग त्यात उघडत नाही. बॉक्स बदलला म्हणजे संग्रह गेला, असेच धरून चालावे.

आमच्या घरी हा प्रसंग घडला आहे. चित्र दिसेना म्हणून तक्रार केली. दुरुस्तीला आलेल्या तरुणाने दहा मिनिटांत बॉक्स बदलून दिला, सही घेतली आणि जुना बॉक्स पिशवीत घालून तो निघून गेला. माझ्या आईने दोन आषाढ्यांना साठविलेली वारीची प्रक्षेपणे त्या जुन्या बॉक्समध्ये होती. संध्याकाळी ती लावावयाला गेलो तेव्हा यादी रिकामी दिसली, आणि कंपनीकडे चौकशी केली तर बॉक्स मध्यवर्ती भांडारात जाऊन पुसला गेल्याचे उत्तर मिळाले. त्या तरुणाचा यात अपराध नव्हता. त्याला कोणी विचारलेच नव्हते. विचारावयाचे ते आम्ही, आणि ते आम्हांला ठाऊक नव्हते. पुढील सूचना त्या दिवसापासून आमच्या घरी पाळल्या जातात:

- चित्र न दिसण्याचा दोष पुष्कळदा बॉक्समध्ये नसून छत्री, तिच्यावरील लहरी पकडणारा एलएनबी हा भाग किंवा तारेचे टोक यांत असतो. बॉक्स बदलण्यापूर्वी या तिन्हींची तपासणी करावयास सांगावे.
- बॉक्स बदलणे अपरिहार्य असेल आणि जुना थोडाबहुत चालत असेल, तर दोन-चार दिवसांची मुदत मागून घ्यावी व राहिलेले कार्यक्रम पाहून घ्यावेत.
- जे कायमचे जपावयाचे आहे ते रेकॉर्डरच्या भरवशावर ठेवूच नये. घरातील कोणी कार्यक्रमात भाग घेतला असेल तर निर्मात्याकडे किंवा केंद्राकडे प्रतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करावा. सह्याद्रीसह अनेक वाहिन्या आपले कार्यक्रम यूट्यूबवरही ठेवतात. तेथे शोध घ्यावा.
- रिचार्ज संपल्यावर जुने रेकॉर्डिंग पाहता येते की नाही, हे कंपनीगणिक आणि बॉक्सगणिक निराळे असते. गावी जाताना महिनाभर कनेक्शन बंद ठेवणाऱ्यांनी हे आधी विचारावे.
- स्वतःचा पेन ड्राइव्ह प्रथम जोडताच बॉक्स तो नव्याने सिद्ध (फॉरमॅट) करावयाची परवानगी मागतो, आणि ती दिली की त्यातील सर्व काही पुसले जाते. लग्नाची छायाचित्रे असलेली डिस्क या कामी कदापि लावू नये. एक वेगळी, रिकामी डिस्क याच कामासाठी राखून ठेवावी.

गच्चीवरून येणारी तार

यंत्र घरी आल्यानंतर सर्वांत अधिक निराशा होते ती या ठिकाणी. एक वाहिनी पाहत असताना दुसरी साठवावयाची असेल तर बॉक्सात दोन ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे भाग, असावे लागतात, आणि सर्वसाधारण व्यवस्थेत प्रत्येक ट्यूनरला छत्रीवरील एलएनबीपासून आलेली स्वतंत्र तार लागते. याचे कारण थोडक्यात सांगावयाचे तर असे, की बॉक्स त्याच तारेतून वर वीज पाठवून एलएनबीला कोणत्या गटातील लहरी पाठवाव्यात ते सांगत असतो, आणि एका तारेवरून एका वेळी असा एकच हुकूम जाऊ शकतो. तार एकच असेल तर दोन ट्यूनरांचा बॉक्सही एका ट्यूनरासारखाच वागतो. मग मालिका साठविली जात असता आजोबांना बातम्या लावता येत नाहीत आणि घरात वाद होतो.

स्वतंत्र घरात हा प्रश्न जुना एलएनबी बदलून आणि आणखी एक तार खाली सोडून सुटतो. इमारतीत मात्र तो बिकट होतो. अनेक सोसायट्यांमध्ये गच्चीवर एकच सामाईक छत्री असते, तिच्यापासून प्रत्येक सदनिकेला भिंतीतल्या नळीतून एकेकच तार आलेली असते, आणि त्या नळीत दुसरी तार शिरत नाही. अशा वेळी तीन मार्ग राहतात: बाहेरून दुसरी तार आणावयाची, त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावयाची, किंवा एकाच तारेवर अनेक ट्यूनर चालविणारी आधुनिक जोडणी त्या कंपनीकडे असल्यास ती मागावयाची, किंवा एका वेळी एकच काम यावर समाधान मानावयाचे. यांपैकी काय शक्य आहे, ते बॉक्सचे पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या माणसाला घरी बोलावून, गच्चीवर नेऊन ठरवून घ्यावे. फोनवर मिळालेले ‘सगळे होऊन जाईल’ हे उत्तर उत्तर नव्हे.

किती तास मावतील

जाहिरातीतील तासांचा आकडा साध्या वाहिनीचा असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. हिशेब सोपा आहे: सेकंदाला 1 मेगाबिट या वेगाने येणारे चित्र तासाला 450 एमबी जागा घेते. साध्या वाहिनीचा वेग 2 मेगाबिट धरला तर 500 जीबीच्या डिस्कवर साडेपाचशे तास मावतील. एचडी वाहिनीचा वेग 8 मेगाबिट धरला तर तासाला 3.6 जीबी लागून तेच तास जेमतेम 140 वर येतात. शिवाय डिस्कचा काही भाग यंत्र स्वतःच्या कामासाठी राखून ठेवते. 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर एचडीचे आठ-नऊ तासच बसतात. कसोटी सामन्याचा दीड दिवस.

वीज आणि पाऊस

वीज नसेल तर रेकॉर्डर काही साठवीत नाही, ही गोष्ट सांगावयास नको. परंतु वीज अकस्मात गेल्याने चालत्या डिस्कला इजा होते, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. भारनियमन असलेल्या भागात आणि पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या कोकणपट्टीत रेकॉर्डर इन्व्हर्टरच्या जोडणीवरच ठेवावा. तो फार थोडी वीज घेतो. संचाच्या मागे, बंद कपाटात किंवा दुसऱ्या तापणाऱ्या यंत्रावर तो ठेवू नये, आणि वर शोभेचा रुमालही घालू नये. त्याची छिद्रे उष्णता बाहेर जाण्यासाठी असतात. विजांचे वादळ जवळ येण्यापूर्वीच विजेचा प्लग आणि छत्रीची तार, दोन्ही काढून ठेवावीत. एकटा प्लग काढून उपयोग नाही, कारण गच्चीवरून येणारी तार लागलेलीच राहते.

आपल्याकडील थेट घरी येणारे प्रक्षेपण ज्या लहरींवर होते, त्या लहरी दाट पावसात क्षीण होतात. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी साठविलेला भाग मध्येच तुटलेला निघाला तर तो यंत्राचा दोष नव्हे. अशा दिवसांत महत्त्वाच्या कार्यक्रमाचे पुनःप्रक्षेपण केव्हा आहे ते पाहून तेही साठविण्याचा हुकूम देऊन ठेवावा. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि दिवसातून काही मिनिटे चित्र बिघडते. तेवढ्यासाठी तक्रार नोंदवून माणूस बोलावण्याची आवश्यकता नाही.

फ्री डिशचे प्रेक्षक

प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ज्यांच्या घरी आहे त्यांना कोणत्याही कंपनीच्या नव्या रेकॉर्डरची वाट पाहावयाचे कारण नाही. या सेवेतील बहुतेक वाहिन्या सांकेतिक रूपात नसतात, आणि बाजारात मिळणाऱ्या अनेक साध्या बॉक्सना पेन ड्राइव्हवर साठविण्याची सोय असते. अशा खुल्या वाहिनीचे रेकॉर्डिंग पुष्कळदा संगणकावरही चालते; म्हणजे संग्रह टिकविण्याच्या दृष्टीने मासिक शुल्क न भरणारा प्रेक्षक येथे अधिक सुखी आहे. दुकानातच पेन ड्राइव्ह लावून दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग करून दाखवावयास सांगावे आणि मगच पैसे द्यावेत. जुन्या पद्धतीने सिद्ध केलेल्या पेन ड्राइव्हवर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून लांब कार्यक्रम तुकड्यांत साठविला जातो. त्यात काही बिघडलेले नाही.

पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावयाच्या गोष्टी

1. बॉक्स विकत मिळणार की भाड्याने? भाड्याचा बॉक्स कनेक्शन बंद करताच परत द्यावा लागतो, आणि विकत घेतलेला आपल्या मालकीचा असला तरी दुसऱ्या कंपनीकडे निरुपयोगी असतो.
2. हमीची मुदत किती, आणि ती आतल्या डिस्कला लागू आहे काय? मुदतीनंतर डिस्क निकामी झाल्यास ती बदलून मिळते की सारा बॉक्सच नवा घ्यावा लागतो?
3. बदली मिळणारा बॉक्स नवा असेल की दुरुस्त केलेला?
4. एलएनबी, दुसरी तार, बसविण्याची मजुरी आणि घरी येण्याचे शुल्क किती? ट्रायने जुलै 2024 मध्ये नियमांत दुरुस्ती करून बसवणूक, भेट, स्थलांतर यांसारख्या शुल्कांवरील आणि वाहिन्यांच्या मासिक जोडणी-शुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकली आहे. म्हणून पूर्वी ठरलेले आकडे आता गृहीत धरता येत नाहीत. कंपनीने आपले दर प्रसिद्ध करणे मात्र बंधनकारक आहे. ते पाहावेत आणि पावतीशी ताडून घ्यावेत.
5. रेकॉर्डिंगसाठी वेगळे मासिक शुल्क आहे काय, आणि ते थकल्यास जुन्या रेकॉर्डिंगचे काय होते?
6. जुन्या बॉक्सच्या बदल्यात सवलत असेल, तर तो किती दिवसांत परत द्यावयाचा?

ग्राहकाने भरून दिलेल्या अर्जाची प्रत मिळणे हा आपला हक्क आहे. ती घरातील रेशनकार्डाइतक्याच काळजीने ठेवावी.

कायद्याची मुभा

अनेक वाचक विचारतात, की घरी कार्यक्रम साठविणे हा गुन्हा तर नव्हे ना? नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 39 प्रमाणे स्वतःच्या उपयोगासाठी प्रक्षेपणाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्यास, तसेच केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी ते करण्यास मुभा आहे. साठविलेल्याच्या प्रती करून विकणे, भाड्याने देणे किंवा पैसे घेऊन लोकांना दाखविणे हा मात्र हक्कभंग होतो. गणेशोत्सवात मंडळाने मंडपातल्या पडद्यावर साठविलेला चित्रपट लावावयाचा असेल, तर तिकीट नसले तरी चित्रपटाच्या हक्कदाराची परवानगी लागते. शिक्षकांनी वर्गात एखादा विज्ञानविषयक भाग दाखविण्यास संकोच करू नये.

तक्रार करण्याची वेळ आली तर

तोंडी भांडणाने काही निष्पन्न होत नाही, कागद लागतो. क्रम असा ठेवावा:

1. ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. क्रमांक न देता फोन ठेवू देऊ नये.
2. समाधान न झाल्यास कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, पहिला तक्रार क्रमांक देऊन, लेखी दाद मागावी. या अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो.
3. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार द्यावी. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाच्या वैयक्तिक तक्रारीचा निवाडा करीत नाही. तिकडे पत्रे पाठवून महिने घालवू नयेत.
4. अखेरीस जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. वस्तूची किंवा सेवेची किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही, वकील करणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

‘जुने रेकॉर्डिंग नव्या बॉक्समध्ये आणून देतो’ असे विक्रेत्याने सांगितले असेल, तर तेवढे वाक्य त्याच्याकडून पावतीच्या पाठीवर लिहून, तारीख घालून, सही करून घ्यावे. पुढे ते खोटे ठरले तर आपल्या हाती पुरावा असेल. आणि बहुतेक वेळा तो लिहावयास नकार देईल, तेव्हा खरी स्थिती काय ते आपणांस तेथल्या तेथे कळेल.

दिवाळीच्या सुमारास नव्या बॉक्सच्या जाहिराती येतात आणि आगाऊ नोंदणीची गळ घातली जाते. बॉक्स प्रत्यक्ष घरी बसवून, दोन वाहिन्या एकाच वेळी साठवून दाखविल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नका; आणि जुना बॉक्स त्या माणसाच्या हाती देण्यापूर्वी त्यातील यादी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा वाचून दाखवा.